सूपभर कोंडा

आपण जन्मलोच नाही, ही बातमी कोंडीबा साळुंखेला साताऱ्यात एका मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास कळली. सांगणारा कारकून सभ्य होता. त्यानं आधी चष्मा पुसला, जुन्या रजिस्टरवरची धूळ तोंड फिरवून झटकली आणि पानावरून बोट खाली नेत नेत एका ओळीवर थांबवलं. "भाऊसो साळुंखे, हवालदार. हेच ना तुमचे वडील? त्यांना एकच मुलगा. लालासाहेब. जन्म बेचाळीस साल, डिसेंबर. मृत्यू पंचेचाळीस, जुलै. ताप. पुढं काही नाही." "पुढं मी आहे," कोंडीबा म्हणाला. कारकुनानं पुन्हा पानाकडं पाहिलं, मग कोंडीबाकडं पाहिलं, आणि दोघांपैकी कुणावर विश्वास ठेवायचा हे ठरवायला त्याला फार वेळ लागला नाही. "नाही बुवा," तो म्हणाला, "तुम्ही नाही. मृत्यूचा दाखला पाहिजे असेल तर लगेच देतो. तो अगदी स्वच्छ आहे."

पण माणूस खरोखरच भला होता. समोर उभा असलेला इसम जन्मलेला नाही हे त्यालाही बरं वाटेना. आणखी वीस मिनिटं तो पानं उलटत राहिला आणि मग म्हणाला, "हे बघा, सापडलात. कोंडीबा. ऑक्टोबर सेहेचाळीस. पण तुमच्या घरी नाही, शेजारी. बाप नाथाजी सुतार, आई चंद्राबाई." कोंडीबानं वाकून पाहिलं. निळी शाई तपकिरी झाली होती, तरी अक्षर ठसठशीत होतं. उभ्या सातारा जिल्ह्याच्या कागदांत त्याच्याविषयी एवढी एकच ओळ होती आणि ती दुसऱ्याच्या घरात राहत होती. त्यानं दोन्ही दाखले घेतले. स्वतःचा लागणार होता. भावाचा कशाला घेतला हे त्याला सांगता आलं नसतं. पण तो तिथंच टाकून निघायचं म्हटल्यावर, लहान पोराला स्टँडवर विसरून गाडीत बसल्यासारखं वाटलं.

आता, सांगलीत नोकरी करणाऱ्या आणि इस्लामपूरजवळच्या गावात वाढलेल्या माणसाचा जन्म साताऱ्यात का शोधायचा, तर त्याच्या जन्माच्या वेळी वाळवा तालुका सातारा जिल्ह्यात होता. पुढं जिल्हा फोडला. गाव जागचं हललं नाही, जिल्हाच त्याच्या अंगाखालून सतरंजी काढावी तसा काढून घेतला. गावातल्या म्हाताऱ्यांना हे कळायला दहा वर्षं लागली आणि कळल्यावरही त्यांनी त्याचं काही मनाला लावून घेतलं नाही. कोंडीबालाही कधी अडचण आली नव्हती. अडचण आली ती आदगोंडाच्या पत्रामुळं. आदगोंडा पाटील त्याचा कॉलेजातला दोस्त, गेल्या वर्षी इंग्लंडला गेलेला, आणि तिथल्या केंट नावाच्या जिल्ह्यात सफरचंदं तोडत असलेला. त्यानं लिहिलं होतं की आपल्यासारख्या, म्हणजे पूर्वी त्यांच्या राज्यात असलेल्या देशांतल्या तरुणांना तिथं लांबलचक सुट्टीवर येता येतं, आणि सुट्टी चालावी म्हणून मधूनमधून काम करता येतं. अटी थोड्याच. वय सतरा ते सत्तावीस. डोक्यावर बायकापोरांचा भार नसावा. परतीच्या तिकिटाची सोय असावी. आणि आपल्या देशात कायमचं बूड टेकण्याआधी एकदा जग बघून यायचंय, परत यायचंय, असं तिथल्या साहेबाला मनापासून वाटलं पाहिजे. शेवटच्या वाक्याखाली आदगोंडानं दोन रेघा मारल्या होत्या: मनापासून त्याला वाटलं पाहिजे, तुला नव्हे.

कोंडीबा सांगलीत वर्धमान अण्णांच्या हळदीच्या पेढीवर इंग्रजी पत्रं टाइप करायचा. अण्णांना त्यानं ही योजना समजावून सांगितली तेव्हा त्यांनी हिशेबाची चोपडी मिटून ठेवली, जे ते फक्त कुणी मेल्याची बातमी आल्यावर करत. "म्हणजे सुट्टी घ्यायची आणि सुट्टीत काम करायचं?" "हो अण्णा." "त्याला परवाना लागतो?" "हो." "अरे मग तू इथं काय करतोस? कामावर येऊन सुट्टी करतोस. त्याला मी कधी कागद मागितला नाही." तरीही त्यांनी रजा दिली, पेढीच्या शिक्क्यानिशी चांगल्या वर्तणुकीचं पत्र दिलं आणि ते देताना पत्रावर हळदीचा अंगठा उमटवला. त्या पेढीतून बाहेर गेलेला एकही कागद पांढरा राहिलेला नव्हता.

मुंबईत इंग्लंडला जायचा परवाना देणाऱ्या कचेरीतली गोरी बाई त्या पिवळ्या अंगठ्याकडं बघून हसली होती, पण शाळेच्या दाखल्याकडं बघून हसली नाही. एक जून एकोणीसशे सेहेचाळीस. तिनं शेजारच्या फायलींतून आणखी चार दाखले काढले आणि पत्ते मांडावेत तसे मांडले. एक जून, एक जून, एक जून, एक जून. तुमच्याकडं सगळे एकाच दिवशी जन्मतात का, असं तिनं विचारलं, आणि विचारण्यात टिंगल नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. कोंडीबाला सांगता आलं नाही की पोराला पहिलीत घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख ठाऊक नसते, मास्तरला शाळा सुरू व्हायच्या आधी सहा वर्षं पुरी झालेली दाखवायची असतात, आणि म्हणून आमच्या भागातल्या सगळ्या आयांना मास्तर एका दिवसात बाळंत करतो. तो नुसतं "येस मॅडम" म्हणाला. मग तिनं लिहून दिलं: सरकारी जन्मदाखला आणावा, त्यावरची आईबापांची नावं पासपोर्टावरच्या नावांशी जुळावीत, जुळत नसतील तर आईनं किंवा बापानं शपथेवर सांगितलेला कागद आणावा. भेट पुन्हा तीस मेला, गुरुवारी. आणि एक जूनला कोंडीबाला अठ्ठावीस पुरी होत होती. खरी नव्हे, मास्तरची. पण पासपोर्टात तीच होती.

रेल्वेचा संप चालू होता, त्यामुळं एस.टी.त पाय ठेवायला जागा नव्हती. कराडपर्यंत तो एका ट्रंकेवर बसला होता आणि ट्रंकेचा मालक दर मैलाला "आत आरसा हाय" अशी आठवण करून देत होता. खिशात दोन दाखले. ऊन खिडकीतून आत येत होतं, आणि त्याला काही केल्या आश्चर्य वाटत नव्हतं. आपण विकले गेलो हे त्याला माहीत होतंच. ते गावात सगळ्यांना माहीत होतं. खेळात भांडण झालं की पोरं म्हणायची, जा रं, सूपभर कोंड्याला घेतलेला तू. पहिला मुलगा गेलेल्या बाईनं दुसरा जन्मला की काय करायचं हे ठरलेलं होतं. पाचव्या दिवशी सटवाई कपाळावर लिहायला यायच्या आत बाळ मागच्या दारानं बाहेर न्यायचं, उकिरड्यावर ठेवायचं, जणू कुणालाच नको. शेजारच्या चंद्राबाईनं ते उचललं, सुपात गव्हाचा कोंडा घालून आणला आणि बदल्यात पोर घेतलं. कोंडा म्हशीनं संध्याकाळपर्यंत संपवला. मग चंद्राबाईनं पोर पुन्हा त्याच्या आईकडं दिलं, पण स्वतःचं म्हणून, दूध पाजायला. उजव्या नाकपुडीला भोक पाडलं, नाव कोंडीबा ठेवलं. वर जो कोणी पोरांचा हिशोब ठेवतो त्यानं खाली वाकून पाहिलं तर त्याला त्या आईच्या, म्हणजे रंगूबाई साळुंखेच्या, घरात तिचं स्वतःचं असं काहीच दिसू नये. पासपोर्टात अंगावरची खूण म्हणून तिथल्या कारकुनानं 'उजव्या नाकपुडीला छिद्र' असं लिहिलं होतं आणि विचारलं होतं, कशानं झालं? "बचावासाठी," कोंडीबा म्हणाला होता.

फक्त बापानं एवढं केलं असेल हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. हवालदार भाऊसो लढाईवर असताना लालासाहेब जन्मला. नाव त्यांनी पत्रातून कळवलं, चांगलं भारदस्त, कारण तेव्हा त्यांना वाटत होतं की आपल्याला काही झालं तरी मागं नाव तरी भारी राहील. लालासाहेबाला त्यांनी कधी पाहिलं नाही. सेहेचाळीसच्या जानेवारीत परत आले ते तीन वर्षांच्या पोराच्या मापाचे बूट घेऊन, आणि दारात त्यांना कळलं. पुढं दुसरा झाला तेव्हा बायकांनी उकिरडा, कोंडा वगैरे केलं, पण भाऊसो लष्करातले. शत्रूला फसवायचं तर नकाशासकट फसवायचं. ते गावच्या पाटलाकडं गेले आणि पोराचा जन्म नाथाजीच्या घरी नोंदवून आले. पुढं सहा वर्षांनी शाळेत घालताना मात्र त्यांना मास्तरसमोर उभं राहून बापाचं नाव दुसऱ्याचं सांगवेना. भाऊसो साळुंखे, ते म्हणाले, आणि घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत, असं चंद्राबाई सांगायची. त्याच वर्षी ते गेले. रंगूबाईनं त्याचा अर्थ काय लावला हे कोंडीबाला कुणी सांगितलं नाही, पण त्यानंतर तिनं त्याच्याकडं सरळ बघणं बंद केलं.

हे त्याला फार उशिरा उमगलं. लहानपणी वाटायचं, आया अशाच बघतात: कानाच्या जरा बाजूला, भिंतीकडं, ताटाकडं. तो तिला 'वैनी' म्हणायचा आणि चंद्राबाईला 'आई'. शाळेतनं आला की वैनी भिंतीला सांगायची, "चंद्राबाईचं पोर आलंय, त्याला वाढा," आणि मग स्वतःच उठून वाढायची. ताट फुटक्या काठाचं. सणाला नवा सदरा शिवायची, पण तो अंगाला कधी बसला नाही. बाह्या बोटांच्या पुढं, खांदे दंडावर. पोर वाढतंय, पुढच्या वर्षी येईल, असं शिंपी म्हणायचा. पुढच्या वर्षी नवा सदरा यायचा, तोही तेवढाच मोठा. मॅट्रिकच्या वर्षी एकदा त्यानं बसून हिशेब केला. सदरा नेहमी चार वर्षं पुढचा असायचा. त्याच्यात आणि लालासाहेबात अंतर चार वर्षांचं. त्या दिवसापासून लालासाहेब त्याच्याबरोबर वाढायला लागला, नेहमी चार वर्षं पुढं. हा कॉलेजात गेला तेव्हा तो बी.ए. होऊन बसलेला, हा सांगलीत खोली शोधत हिंडत होता तेव्हा त्याला खोली मिळालेली, तीही वाऱ्याच्या बाजूची. आरशासमोर दाढी करताना कोंडीबाला कधीकधी वाटायचं की साबण पुसून काढला तर खाली बत्तिशीतला माणूस निघेल, थोडं टक्कल पडलेला, कपाळ भारदस्त. तो कुणाला घाबरवत नव्हता. नुसता असायचा, जागा धरून ठेवल्यासारखा. आणि केंटचं पत्र आलं तेव्हा कोंडीबाच्या मनात पहिला विचार सफरचंदांचा आला नाही. तो असा आला की समुद्रापलीकडं जायचं तर प्रत्येकाला वेगळा पासपोर्ट लागतो, आणि लालासाहेबाकडं तो नाही.

घरी पोचला तेव्हा तिसरा प्रहर झाला होता. रंगूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. "चंद्राबाईची स्वारी आली," तिनं तांदळाला सांगितलं. "बस. भाकरी खा. तुझी आई वाट बघत असंल तिकडं."

"वैनी, एक काम हाय. इस्लामपुरात कचेरीत यायचं. अंगठा द्यायचा. तू एवढंच म्हणायचं, ह्यो माझा मुलगा हाय."

"कुणाचा?"

"तुझा."

"हळू बोल," रंगूबाई म्हणाली आणि आढ्याकडं बघितलं. भर दुपारी, शेजारी कोंबड्या ओरडत असताना, कोंडीबानंही आढ्याकडं बघितलं. आढ्याला काही नव्हतं. तरी मान खाली घ्यायला त्याला थोडा वेळ लागला.

त्यानं दाखला काढून वाचून दाखवला. वाचता वाचता चंद्राबाई आली. पासष्टीची, ताठ, दात सगळे शाबूत, आणि दुसऱ्याच्या घरात बोलणं चालू असलं की भिंतीपलीकडून तिला वास यायचा. नाथाजीचं नाव ऐकून ती खूश झाली. "बघा की! सरकारात बी माझाच हाय ह्यो. आन रंगी म्हंतीया, नुसतं दाखवायपुरतं."

"आई, मला परत घ्यायचंय वैनीनं. कागदावर."

"घे की. कोंडा कुठं हाय माझा? तवा सूपभर दिला व्हता, आता पोतं घीन. एवढा शिकवलाय."

"तू कुठं शिकवलास?"

"शिकू दिलं न्हवं? मालकीन कोन व्हती?"

रंगूबाई हसली नाही. तिनं सूप खाली ठेवलं. "कोंडा देऊन परत घ्यायची येळ ठरल्याली असती," ती खांबाला म्हणाली. "लग्नात. अक्षता पडल्या का मग भ्या न्हाई. तवा साऱ्या गावाम्होरं म्हंते, माझा हाय म्हून. लगीन कर. उंद्या पोरगी बघते."

"लग्न झालेला तिथं चालत न्हाई."

"मग जाऊ नगंस."

"आन दीड आठवड्यानं माझं वय बी चालत न्हाई."

"आवं, ह्ये सरकार हाय का काय?" चंद्राबाई म्हणाली. "तरणं पायजे, बिनलग्नाचं पायजे, परत यीन म्हून वचन पायजे. सटवाई एवढी चिकट न्हाई."

कोंडीबा ओट्यावर बसून राहिला. त्याला वाटलं, कुठंतरी लंडनमध्ये दोन शहाणी माणसं टेबलापाशी बसून नियम करतात, आणि कुठंतरी वाळवा तालुक्यात दोन बायका उकिरड्यापाशी उभ्या राहून नियम करतात. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, पत्र नाही, तार नाही, आणि तरी दोघांचं एका बाबतीत पक्कं एकमत आहे: ह्याचं ह्याच्या आईशी नातं लागता कामा नये, निदान एक जूनपर्यंत. आईच्या नियमानं नातं लागायला लग्न हवं. साहेबाच्या नियमानं लग्न नको, पण नातं हवं. एवढी चोख कोंडी कुणी ठरवून केली असती तर त्यानं तिचं कौतुक केलं असतं. पण ऊन ओट्यावर सरकत होतं, आणि तिनं अजूनही एकदाही त्याच्या तोंडाकडं पाहिलं नव्हतं, आणि आपला आवाज चढतोय हे त्याला आवाज चढल्यावर कळलं.

"एक शब्द हाय, वैनी. अठ्ठावीस वर्सं मागतोय का मी काय? एकदा म्हन, आन मी जातो. पाच वर्सं तोंड दाखवत न्हाई. भिंतीकडं बघायचा तरास बी वाचंल तुझा. त्याला म्हनायचीस का न्हाई? लालासाहेबाला? माझा म्हून?"

चंद्राबाईनं पदर तोंडाला लावला. त्या घरात ते नाव मोठ्यानं उच्चारलेलं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. ते आता त्याच्याच तोंडून बाहेर पडलं होतं आणि ओट्यावर बसलं होतं.

"म्हनत हुते," रंगूबाई म्हणाली. "दिसातनं धा येळा म्हनत हुते. माझा राजा, माझं सोनं. वेशीपातूर ऐकू जाईल असं म्हनत हुते. लाज न्हाई, भ्या न्हाई. लोकं म्हनायची, रंगे, जरा दमानं. म्हून तर." ती उठली आणि आत गेली. आतून बराच वेळ कसलाच आवाज आला नाही; भांड्याचा नाही, रडण्याचाही नाही. एखादी बाई अंधाऱ्या खोलीत नुसती विचार करत बसली असेल तर जसा आवाज येत नाही, तसा.

सकाळी ती नवं लुगडं नेसून दारात उभी होती. "चल," तिनं रस्त्याला सांगितलं.

"म्हननार तू?"

"म्हंते. पर माझ्या मनानं म्हंते. मधी बोलायचं न्हाई."

एस.टी.त ती खिडकीपाशी बसली. चंद्राबाई मालकीण म्हणून आलीच होती. कोंडीबा मागच्या बाकावर बसून दोघींच्या डोक्याकडं बघत होता, आणि त्याला त्या तीन मैलांत एवढं सुखी वाटलं की त्याची त्यालाच शंका आली. उसाच्या शेतांवरून गरम वारा येत होता. त्यानं मनातल्या मनात केंटमधली एक खोली लावली: एक खाट, एक खिडकी, मापात बसणारा एक सदरा. तिथं सकाळी उठल्यावर कुणाच्या चार वर्षं मागं नसेल तो. तिथं कुणी त्याला विचारलं, आई आहे का, तर खिशातून कागद काढून दाखवता येईल: आहे, आणि ती असं म्हणाली आहे, शपथेवर.

कचेरीच्या व्हरांड्यात एका टेबलाशी टंकलेखक बसला होता. प्रतिज्ञापत्रं तोच टाइप करायचा, मग आत नेऊन साहेबासमोर अंगठा. कोंडीबानं मजकूर सांगितला, टंकलेखकानं इंग्रजीत चार ओळी ठोकल्या आणि नावांच्या जागा मोकळ्या ठेवल्या. यंत्र जुनं होतं. कोंडीबाच्या कानाला त्यातलं एक अक्षर अडकतंय हे आपोआप कळलं. "बाई," टंकलेखक मान वर न करता म्हणाला, "हे शपथेवर आहे. खोटं सांगितलं तर गुन्हा. हा तुमचा कोण?"

"ल्योक," रंगूबाई म्हणाली. "माझा. पोटचा."

झालं. एवढंच होतं. कोंडीबाला वाटलं होतं की काहीतरी हलेल, निदान व्हरांड्याचा पत्रा तरी कडाडेल. पण पलीकडं एक वकील चहात बिस्किट बुडवत होता आणि ते तुटून आत पडलं, तेवढंच. टंकलेखकानं विचारलं, "नाव?"

"लालासाहेब."

"आगं रंगे..." चंद्राबाई म्हणाली.

"लालासाहेब भाऊसो साळुंखे," रंगूबाईनं स्पष्ट सांगितलं. "वय बत्तीस लागलंय. डिसेंबरातला." मग ती कोंडीबाच्या जवळ आली, पार जवळ, आणि चोरून काही दाखवावं तशा हलक्या आवाजात बोलायला लागली. आवाजात भीती नव्हती. हुशारी होती. रात्रभर अडलेलं गणित सुटलेल्या पोराची हुशारी. "त्या नावाला एकदा नेऊन झालंय, बाळा. तिथं त्याचं खोडून टाकलंय. खोडल्याल्या नावाचं पोर परत कसं न्हेतील? कुनी बघाय आला तरी म्हनंल, ह्यो तर आपल्याकडं हाय. तुझं नाव घेतलं असतं तर सापडला असतास. असा न्हाई सापडत. मला आदी सुचायला पायजे हुतं. अठ्ठावीस वर्सं उगा घालीवली."

टंकलेखकानं मान वर केली. तीस वर्षं प्रतिज्ञापत्रं ठोकलेला माणूस, त्याला आवाजातला अडथळा कळत होता. "तुम्ही सांगा," तो कोंडीबाला म्हणाला. "हेच नाव ना? बरोबर आहे का?"

नाही म्हणायला काही लागत नव्हतं. नाही म्हटलं तर ती पदर सावरून पायऱ्या उतरून जाणार, हे त्याला दिसत होतं. आणि पुन्हा कधी, अक्षता पडेपर्यंत किंवा पडल्यावरही, ती तो शब्द काढणार नाही. हो म्हटलं तर कागदावर बत्तिशीतला माणूस. मुंबईची बाई तो कागद हातात घेईल, समोर उभ्या असलेल्या कोंडीबाकडं बघेल, आणि सभ्यपणे विचारेल की हे कोण. गुरुवार येईल आणि जाईल. एक जून येईल, आणि त्या भागातल्या सगळ्यांबरोबर त्याचीही अठ्ठावीस पुरी होतील. केंटच्या खोलीतली खाट त्यानं मनातल्या मनात भिंतीला लावून ठेवली. खिडकी कुणीतरी आतून बंद केली.

त्यानं रंगूबाईकडं पाहिलं. ती त्याच्याकडं बघत होती. कानाच्या बाजूला नाही, मागच्या खांबाकडं नाही, तोंडाकडं. कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश, फार दिवसांनी परत आलेल्या माणसात काय काय बदललं हे बघतात तसं. तिचे डोळे कसल्या रंगाचे आहेत हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ती हसत होती. आणि एवढ्या जवळून बघितल्यावर त्याला हेही कळलं की ती नजर त्याच्यापाशी थांबत नव्हती. त्याच्या आत कुठंतरी, चार वर्षं पुढं, जाऊन पोचत होती, आणि तिथं तिला कुणीतरी भेटत होतं.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

टंकलेखकानं खांदे उडवले आणि नाव ठोकलं. आत साहेबानं मान वर न करता शपथ दिली, अंगठा घेतला, सही केली. चंद्राबाई भिंतीला टेकून उभी होती. कागद घडी करून कोंडीबानं खिशात ठेवला, दोन दाखल्यांच्या जोडीला. आता खिशात तिघं झाले होते आणि तिघांतलं एकमेकांशी काहीच जुळत नव्हतं.

रंगूबाई पुढं होऊन पायऱ्यांपाशी थांबली. आवारात निंबाखाली पक्षकार बसले होते, कुणी डबा सोडला होता, कुणी पेंगत होतं. तिनं मागं वळून हाक मारली, मोकळ्या गळ्यानं, वेशीपर्यंत जाईल अशी. "लालासाहेब! ये रं माझ्या राजा, हात दे. पायरी लय उंच हाय."

दोघातिघांनी माना वळवल्या. कोंडीबानंही मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. मग त्यानं हात पुढं केला.